शंकराचे आभरण

महाशिवरात्रीच्या दिवशी शिवाच्या रूपाचे वर्णन घरोघरी वाचले जाते. मस्तकी गंगा, भाळी चंद्रकोर, सर्वांगी भस्म आणि गळ्यात सर्प. अन्य देवांनी रत्ने ल्यावीत, सुवर्णाचे हार मिरवावेत. ह्या देवाने मात्र जो दिसताच माणूस काठी शोधू लागतो त्या जीवाला उचलून कंठी धारण केले. शंकराचे आभरण ते हेच. समास सोडवताना विद्यार्थी 'शंकराचा अलंकार' एवढे सांगून मोकळा होतो. अलंकार कोणता, हे विचारले की क्षणभर थांबतो.

ह्याच नावाचा एक राग कर्नाटक संगीतात आहे. बहात्तर मेळकर्त्यांत त्याचा क्रम २९ वा. 'धीरशंकराभरण' हे त्याचे पूर्ण नाव. आपल्या बिलावल थाटाचे जे सात शुद्ध स्वर, तेच त्याचेही. आणि ह्याच नावाचा एक तेलुगू चित्रपट २ फेब्रुवारी १९८० रोजी प्रकाशित झाला. आज त्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे. सणाच्या पानावर चित्रपटाची कथा कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा. आम्ही कीर्तनकार, पूर्वरंगात कोठेही हिंडलो तरी उत्तररंगात देवळातच परत येतो, हे आमच्या श्रोत्यांस ठाऊक आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शक के. विश्वनाथ. संगीत के. व्ही. महादेवन यांचे, नवी गीते वेटूरी सुंदरराममूर्ती यांची. नायक म्हणावा असा तरुण त्यात नाही. मुख्य भूमिका करणारे जे. व्ही. सोमयाजुलू हे शासकीय सेवेत उपजिल्हाधिकारी होते आणि हौशी रंगभूमीवर 'कन्याशुल्कम्' या नाटकासाठी परिचित होते. पन्नाशीचा, शेंडी राखलेला, कपाळी भस्म लावलेला ब्राह्मण गवई हा कथेचा पुरुष. आणि गणिकेच्या कुळात जन्मलेली, त्याच्याशी फारसे एक वाक्यही न बोलणारी नर्तकी ही कथेची स्त्री. ती भूमिका मंजू भार्गवी यांनी केली. अशा चित्रपटाला कोण येणार? पण तो चालला, आणि तेलुगू न कळणाऱ्या प्रांतांतही चालला. निकोप मनोरंजन करणाऱ्या सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. महादेवन, गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम् आणि गायिका वाणी जयराम या तिघांनाही त्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. १९८१ साली फ्रान्समधील बेझाँसों येथील महोत्सवात प्रेक्षकांचे पारितोषिकही त्याला लाभले. ह्यातील नवल असे की बालसुब्रह्मण्यम् यांनी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. आणि वाणी जयराम आपल्याला परक्या नाहीत. कुमार गंधर्वांसमवेत 'देव दीनाघरी धावला' या नाटकातील 'ऋणानुबंधाच्या' हे पद त्यांनी गायिले, ते अजून घरोघरी गुणगुणले जाते.

कथा अशी. गोदावरीच्या काठी शंकरशास्त्री नामक एक थोर गवई राहतात. (ही गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वराहून निघालेलीच, तेथे पोचेपर्यंत तिचा पैलतीर दिसेनासा होतो.) शंकराभरण रागावर त्यांचे असे प्रभुत्व की रागाचे नाव त्यांच्या नावाला चिकटले. पत्नी निवर्तलेली, शारदा ही एक कन्या. पहाटे नदीकाठी त्यांची साधना चाले आणि तुलसी नावाची एक तरुणी दुरून ती ऐके. मनोमन तिने त्यांना गुरू मानलेले. तिच्या आईला मात्र मुलीचे रूप विकावयाचे आहे. एका धनिकाकडून तुलसीवर अत्याचार होतो, त्याच्याच हत्येचा आरोप तिच्यावर येतो, आणि तिच्या उदरी त्या अत्याचाराचा अंकुर वाढू लागतो. शास्त्री आपल्या वकील मित्राकरवी तिची सुटका करवितात आणि तिला आपल्या घरी आणतात. त्या दिवसापासून गावाची दारे त्यांना बंद होतात.

शास्त्रींचा स्वभाव दाखविणारे दोन प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. एक संगीतशिक्षक म्हैसूर वासुदेवाचार्यांची खमास रागातील एक प्रसिद्ध कृती मुलांना शिकवत असतो. कृती कसली, तर देवाला मारलेली आर्त हाक. तुझ्यावाचून आम्हांस तारणारा दुसरा कोण, असा तिचा भाव. आणि हा गृहस्थ गळ्याच्या कसरती करीत ती अशी म्हणतो की जणू बाजारात माल विकतो आहे. शास्त्री त्याला थांबवतात. भुकेले मूल आईला हाक मारते त्याचा स्वर वेगळा, झोपेतून दचकून उठलेले मूल हाक मारते त्याचा वेगळा. शब्द तोच, 'आई'. एवढेही ज्याला कळत नाही त्याने देवाचे नाव गाण्यात घेऊ नये, असा त्या रागावण्याचा आशय आहे. कीर्तनात नाम घेताना आमच्याकडून किती वेळा नुसती अक्षरे उच्चारली जातात, हे तो प्रसंग पाहताना आठवते आणि मान खाली जाते.

दुसरा प्रसंग शारदेचा. वधूपरीक्षेसाठी पाहुणे आलेले. मुलगी हिंदोळ गाते आहे. हिंदोळ म्हणजे आपला मालकंस. तिचे चित्त अन्यत्र गुंतलेले, आणि गाता गाता रागात वर्ज्य असलेला स्वर लागून जातो. पाहुण्यांना त्याचे काय? कोणाच्या ध्यानातही आले नसते. पण पित्याच्या कानाला तो अपराध खपत नाही. पाहुण्यांसमोरच ते मुलीवर कडाडतात, आणि ठरत आलेले लग्न मोडते. आमच्या घरी हा प्रसंग सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "असा बाप नको गं बाई." त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. चित्रपटही शास्त्रींना निर्दोष ठरवीत नाही.

हे दोन प्रसंग मनात धरून आता तिसरा पाहावा. वर्ज्य स्वर लागला म्हणून पोटच्या मुलीचे लग्न मोडू देणारा हा कर्मठ ब्राह्मण, जिला सारे जग वर्ज्य मानते तिला हाताला धरून घरी आणतो. येथे त्यांचे सोवळे आड येत नाही. शास्त्रींचे सोवळे फार कडक आहे, पण ते सारे स्वराचे आहे; माणसाच्या जन्माला ते लागू नाही. आणि गाव? गावाला हिंदोळात कोणता स्वर लागला हे कळत नाही, मात्र ओसरीवर कोण बसले आहे हे सूर्योदयापूर्वी कळते.

पुढे देवालयात गायनाचा दिवस येतो. शास्त्रींबरोबर तुलसी आली आहे हे पाहून साथीदार उठून जातात. मृदंग नाही, व्हायोलिन नाही. शास्त्री देवाकडे वळतात आणि एकटेच गाऊ लागतात. विजा चमकतात, पाऊस कोसळतो, आणि तो आवाज वर चढत जातो. राग मध्यमावती, आणि नाद हेच ज्याचे शरीर त्या शंकराची ती प्रार्थना. ही कल्पना आपल्या मातीतही जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, त्याच्या आरंभीच नादतनू शंकराला वंदन आहे. दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असते, कोण जाणे. दक्षिणेशी आमचे नाते एवढ्यावरच संपत नाही. त्यागराजस्वामी (१७६७ ते १८४७) तिरुवैयारू येथे तेलुगूत गात होते तेव्हा तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी महाराजांच्या दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले, अशी परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात त्याच तंजावरात मराठी कीर्तनकारांची साकी-दिंडी दाक्षिणात्य हरिकथेत शिरली, ती अद्याप तेथे गायिली जाते. तेव्हा शंकरशास्त्र्यांना आम्ही परके मानीत नाही. ते आमचेच थोरले चुलते.

आणि म्हणूनच साथीदार उठून जातात तो प्रसंग आम्हांस सोसवत नाही. त्याचे कारण आजवर आम्ही कीर्तनात सांगितले नव्हते. आज लिहितो.

साल १९७७. आमचे वय अठरा. पंढरीस आम्ही गुरुजींच्या घरी राहून संस्कृत आणि कीर्तन शिकत होतो. त्यांना सारे अण्णा म्हणत. पहाटे वाळवंटात स्नानाला जाताना अण्णांच्या कानी एका मुलाचा आवाज पडला. बारा-तेरा वर्षांचा पोर, घोंगडी पांघरून बसलेला, स्वतःशीच अभंग म्हणत होता. अण्णा परत आले ते म्हणाले, "अरे, गंधार ऐकला आज. असा गंधार आपल्यातल्या एकाच्याही गळ्यात नाही." आम्हांस ते लागले, हे कबूल करावयास हवे. मुलाची आई बैठकीच्या गाण्याच्या घरातली. गावाने त्या घराला जे नाव दिले होते ते येथे लिहीत नाही. अण्णा त्या मुलाला रोज पहाटे वाळवंटातच शिकवू लागले. घरी आणला तर वाड्यातली माणसे काय म्हणतील याचा विचार त्यांनीही केला असावा. ते काही शंकरशास्त्री नव्हते. चार महिन्यांनी मात्र त्यांनी ठरविले.

महाशिवरात्रीचा उत्सव जिल्ह्यातल्याच एका गावी होता. गावाचे नाव सांगत नाही. तीन दिवसांची कीर्तने. पहिल्या दोन दिवसांची आख्याने शिवाची, तिसऱ्या दिवशी अण्णांनी कान्होपात्रा लावली होती. पूर्वरंग चालू होण्यापूर्वी ते मुलाला घेऊन आले आणि आमच्या शेजारी झील धरावयास त्याला उभा केला. त्याची आई देवळाबाहेर, दीपमाळेच्या कठड्याला टेकून बसली होती. कोणीतरी तिला ओळखले. पंचांतील एक जण पुढे आला.

"बुवा, त्या पोराला खाली बसवा."

"का बरं?"

"आपल्याला माहीत आहे का ते."

अण्णा म्हणाले, "मला एवढंच माहीत आहे, की तो सुरात आहे."

मग फार बोलणे झाले नाही. तबलजींनी तबल्यावर गवसणी चढविली. पेटीवाल्यांनी भाता मिटला. दोघेही आमच्यापेक्षा वयाने थोर, घरंदाज, आणि आम्हांला मुलासारखे वागविणारे. त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही हातातल्या झांजा खाली ठेवल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सभामंडपाबाहेर आलो.

तसे कोणी आम्हांला सांगितले नव्हते. उभे राहिलो असतो तर कोणी मारले नसते. एवढे मात्र खरे की झांजा ठेवताना मनाच्या एका कोपऱ्यात त्या गंधाराविषयीचा मत्सरही होता, आणि त्या क्षणी त्याला धर्माचे वस्त्र मिळाले.

समोरच्या वाड्याच्या ओट्यावर आम्ही तिघे बसलो. मंडपात निम्मी माणसे उरली होती. अण्णांनी चिपळ्यांच्या तालावर निरूपण केले आणि मागे त्या मुलाने एकट्याने झील धरली. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची मुलगी कान्होपात्रा. आईचा मार्ग तिने नाकारला, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा पंढरीच्या देवळात शिरून तिने देवाच्या पायी देह ठेवला, आणि तेथे तरटीचे झाड उगवले. पंधराव्या शतकातील ही कथा आमच्याकडच्या तान्ह्या पोरांनाही ठाऊक असते. तरटीच्या झाडाला नमस्कार केल्याशिवाय आम्ही देवळातून बाहेर पडत नसू. आणि कान्होपात्रेचे आख्यान चालू असताना, तशाच एका घरचा मुलगा झील धरतो म्हणून, आम्ही ओट्यावर बसून राहिलो होतो. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण करून ज्या पंढरीच्या देवळाची दारे सर्वांना उघडविली, त्या पंढरीतले आम्ही. त्या गोष्टीला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एस. टी.त ती बाई आणि तिचा मुलगा नव्हते. चार दिवसांनी अण्णांच्या उंबऱ्यावर एक नारळ आणि नवे उपरणे कोणीतरी ठेवून गेल्याचे आढळले. वाळवंटात तो आवाज पुन्हा ऐकू आला नाही. अण्णांनी शोध केला. आई मुलाला घेऊन गाव सोडून गेली एवढेच कळले. आपल्यामुळे बुवांची साथ सुटली, हे तिने दीपमाळेपाशी बसून पाहिले होते.

आम्हांला अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

१९८१ साली संस्कृतच्या एका परीक्षेसाठी आम्ही सोलापुरास गेलो. तेथील पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती आहे. आमचा एक सहाध्यायी त्याच समाजातला. त्याच्या घरी उतरलो होतो. त्याने आग्रह करून ह्या चित्रपटाला नेले. भाषा कळणार नाही म्हणून तो शेजारी बसून हलक्या आवाजात अर्थ सांगत होता. साथीदार उठून जातात तो प्रसंग आला तेव्हा मात्र आम्ही त्याचा हात धरून त्याला थांबविले. तेथे अर्थ सांगण्याची गरज नव्हती. चित्रपट पाहणारा प्रत्येक जण आपल्याला शंकरशास्त्री समजत असतो. आम्हांला त्या पडद्यावर आमची जागा दिसली, ती मृदंग उचलून निघालेल्या माणसाची.

त्या चित्रपटात तुलसीही निघून जाते. आपल्यापायी शास्त्रींना समाज सोडतो आहे हे पाहून, न सांगता. मुलाला जन्म देते, वाढविते. पुढे काळ पालटतो. लोकांना पाश्चात्त्य ठेक्यांची गोडी लागते, शास्त्रींच्या मैफली ओस पडतात, घरात दारिद्र्य येते. दहा-एक वर्षांनी तुलसी आईची संपत्ती हाती आल्यावर परत येते, आणि मुलगा आपला आहे हे उघड न करता त्याला शास्त्रींच्या घरी शिष्य म्हणून ठेवते. स्वतः उंबऱ्याबाहेर राहते. मुलाला सेवा करू देते, शिकू देते. शारदेचा विवाहही अखेरीस तिला मनापासून आवडलेल्या संगीतशिक्षकाशी होतो.

चित्रपटात आम्हांस खटकणाऱ्याही गोष्टी आहेत. नवे ते सारे उथळ आणि जुने ते सारे पवित्र, अशी विभागणी त्यात सोपी करून टाकली आहे. त्यागराजांची गाणीही एके काळी नवीच होती. आणि तुलसी? सारा चित्रपट जिच्या त्यागावर उभा, तिला बोलावयास किती थोडे दिले आहे! ती सोसते, देते, पायाशी बसते. तिच्या मनातले तिच्या तोंडून ऐकावे असे फार वाटते. १९८५ साली विश्वनाथ यांनीच ह्या कथेवर 'सूर संगम' हा हिंदी चित्रपट काढला. गिरीश कर्नाड यांनी शास्त्रींची भूमिका केली आणि बनारसच्या राजन-साजन मिश्रांचा आवाज त्यात आहे. तोही आम्ही पाहिला. गाणी उत्तम, पण पहिल्या चित्रपटातला पाऊस त्यात पडत नाही.

शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. तुलसीने शास्त्रींच्या सन्मानार्थ सभागृह बांधविलेले असते. तेथे त्यांची मैफल होते. बिलहरी रागातील गीत चालू आहे. त्याचे आरंभीचे शब्द त्यागराजांच्या कृतीतले आहेत, आणि अशी सेवा लाभावी हे किती भाग्य, असा त्यांचा भाव. गाता गाता शास्त्रींच्या छातीत कळ येते. आवाज थांबतो. आणि रंगमंचाच्या कडेने तो मुलगा पुढे होतो आणि जेथे गुरूचा स्वर तुटला तेथूनच पुढे गाऊ लागतो. शास्त्री पाहतात. मुलाच्या मागे उभी असलेली तुलसीही त्यांना दिसते आणि तो कोणाचा हे उमगते. आपल्या पायातला मानाचा गंडपेंडेर ते काढतात आणि त्या मुलाला देतात. मग प्राण सोडतात. तुलसीही त्यांच्या पायांपाशी देह ठेवते.

आमच्या मते चित्रपटाच्या नावाचा खरा अर्थ येथे उलगडतो. पापातून जन्मला म्हणून ज्याला जगाने विषारी म्हटले असते, तो जीव एका शंकराच्या चरणी वाढला आणि त्याचे आभरण झाला. बाल, पशू आणि सर्प या तिघांनाही गाण्याचा रस कळतो असे एक सुभाषित आम्ही पाठशाळेत घोकले होते. त्यातला सर्प तेथे का बसविला आहे, हे आम्हांस तोवर कळले नव्हते.

सोलापूरहून परतल्यावर ही सारी कथा आम्ही अण्णांना सांगितली. ते चित्रपट पाहात नसत. माडीवर दिवा लावून बसले होते, चिपळ्यांचे खिळे पुसत होते. साथीदार उठून जातात हे सांगताना आमचा आवाज बसला. त्यांनी मान वर केली नाही. कथा संपल्यावर थोड्या वेळाने विचारले,

"तो मुलगा शेवटी गायला म्हणतोस?"

"हो अण्णा. जिथे त्यांचं थांबलं, तिथूनच."

"मग झालं तर."

आम्ही त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि चार वर्षे जे बोलता आले नव्हते ते बोललो. त्यांनी पाठीवरून हात फिरविला. म्हणाले, "तू उठलास ते मी पाहिलं होतं रे. पण त्या दिवशी मागे वळून पाहायला मला वेळ कुठे होता? पोर काय सुंदर झील धरीत होतं!"

१९८८ साली अण्णा गेले. त्यांच्या चिपळ्या आमच्याकडे आल्या. त्या आमच्या गुणांनी आल्या असे कोणी समजू नये. ज्याच्या हाती त्या जावयाच्या होत्या तो तेथे नव्हता, म्हणून आल्या. पुढे नाशिक, गाणगापूर, गोकर्ण, जेथे जेथे कीर्तनास गेलो तेथे तेथे त्या वयाचा आणि तशा गंधाराचा माणूस कान शोधीत राहिले. अद्याप शोधतात. तो आज साठीच्या घरात असेल.

सोमयाजुलू २००४ साली गेले, बालसुब्रह्मण्यम् २०२० साली. विश्वनाथ यांना २०१६ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता. २ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे चित्रपट प्रकाशित झाल्याच्याच तिथीला, त्यांनी देह ठेवला. दोनच दिवसांनी वाणी जयराम गेल्या. त्या वर्षीच्या महाशिवरात्रीस आम्ही शार्ङ्गदेवाच्या मंगलाचरणावर निरूपण केले आणि त्या दोघांची नावे घेतली. काही श्रोत्यांस नवल वाटले.

ह्या वर्षी त्याच गावचे निमंत्रण आले आहे. १९७७ नंतर प्रथमच. आता तेथे मंडपाला पत्रा आहे, ध्वनिक्षेपक आहे, दीपमाळेचा कठडा मात्र तोच आहे. आमच्या मागे झील धरावयास दोन मुली आणि एक मुलगा येणार आहेत. तिघांचेही स्वर पक्के आहेत, मुलगी जी धाकटी तिचा विशेष. कोण कोणाचे, हे आम्ही विचारलेले नाही. तिसऱ्या दिवशी कान्होपात्राच लावली आहे. तबल्याच्या साथीला त्या वेळच्या तबलजींचा नातू आहे. गुणी मुलगा, हात मऊ आहे. त्याला ही हकीकत अजून ठाऊक नाही. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी दीपमाळेपाशी बसवून त्याला सांगणार आहोत.